थंडीतली उन्हाळी

मामा, दहाव्याला तुला कावळा शिवला नाही.

कालव्याच्या काठावर पिंड मांडून आम्ही उभे होतो. कबुतरं आली, एक घार वरून फिरून गेली, कावळा काही येईना. दिल्लीहून आलेले गुरुजी सारखे घड्याळाकडे बघत होते. मग आपल्या लोकांनी सुरू केलं, गावाकडे करतात तसंच. कुणी म्हणालं तंबाखूची पुडी ठेवा. तुझ्या कारखान्यातले साळवीकाका म्हणाले, "चहा ठेवा रे, बिनसाखरेचा. त्याशिवाय ह्याने कधी मशीन चालू केली नाही." चहा ठेवला. मग एकेक जण हात जोडून वचन देऊ लागला. वहिनींची काळजी करू नकोस. वहिनींना काही कमी पडू देणार नाही. वहिनींना काही होऊ देणार नाही.

हे शेवटचं कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुला मूल नाही, त्या जागी मी उभा होतो. तुझं मन कशात अडकलंय हे त्या काठावर फक्त मला ठाऊक होतं, आणि तेच एक वचन कुणाला देता येण्यासारखं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

मामी दारातच उभी होती. तिने विचारलं, "शिवला?" मी मान हलवली. ती आत गेली आणि तुझा टॉवेल घडी करत बसली.

उमरग्याहून मी पहिल्यांदा फरीदाबादला आलो तेव्हा आपल्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मायक्रोबायॉलॉजी हा शब्द आईला म्हणता येत नसे. ती लोकांना सांगायची, पोरगा जंतूंचं शिकतोय. तू स्टेशनवर आलास, माझी पेटी उचललीस आणि पहिल्या दिवशी जेवणाच्या ताटाजवळ, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक पांढरी डबी ठेवलीस. म्हणालास, "ही माझी. एचआयव्हीच्या गोळ्या आहेत. घाबरायचं असेल तर आजच घाबर, उद्यापासून आपल्याला कामं आहेत." मामी पोळी लाटत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. त्या घरात ती गोष्ट मिठासारखी होती, ताटात असायची, तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. ते तुला कुठून आलं हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आईला तर त्या गोळ्या शेवटपर्यंत रक्तदाबाच्या वाटत राहिल्या.

तुझ्या त्या दोन खोल्यांत मी एमएस्सी केली. तुमच्या झोपण्याच्या खोलीतला पंखा काढून तू माझ्या खोलीत लावलास, कारण माझा पंखा आवाज करायचा आणि मला वाचायचं असायचं. आज ओखल्याच्या लॅबमध्ये मी लोकांच्या रक्तातले विषाणू मोजतो, ते तुझ्यामुळे. मी हे तुला कधी म्हटलं नाही. आपल्याकडे मामाला थँक यू म्हणत नाहीत, पाया पडतात. मी सणाला पडायचो. तेवढंच झालं.

वर्षातून एकदा मामीची तपासणी व्हायची. ती निगेटिव्ह आली की येताना तू जिलेबी आणायचास आणि शेजारचे विचारायचे, किस खुशी में? तू म्हणायचास, "बीवी पास हो गई." तुझ्या गोळ्यांचं यश त्या कागदी पुडक्यात असायचं. तुझा स्वतःचा रिपोर्ट तू इतका निरखून कधी पाहिला नाहीस.

तुला आठवतं का, मी नोकरीला लागलो तेव्हा एकदा गच्चीवर बसून तू मला विचारलंस की रक्तात विषाणू सापडत नाही म्हणजे सगळीकडेच नाही, असं समजायचं का. मामाला हे कसं सांगायचं? माझे कान तापले. मी पुस्तकी भाषेत सुरू केलं आणि तू म्हणालास, "अरे यार, नीट बोल. मी फिटर आहे, लाजणारी बाई नाही." मग मी सांगितलं. रक्त वेगळं आणि वीर्य वेगळं, दोन्हीकडचा विषाणू एकाच घरातला असला तरी एका खोलीत राहत नाही. गोळ्या रोज चालू असल्या की दोन्हीकडे तो दबतो, आणि मग जोडीदाराला लागण होत नाही. पण गोळ्या नसतील आणि त्यातच परमा किंवा तसला दुसरा गुप्तरोग झाला, तर लघवीच्या वाटेला सूज येते. सूज आली की शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडतं. आणि हा विषाणू राहतो तो नेमका त्यांच्यातच. आग विझवायला आलेली माणसंच घासलेट घेऊन येतात. रक्तातला आकडा फारसा हलत नाही, पण तिकडे विषाणू कितीतरी पट वाढतो. त्या दुसऱ्या संसर्गावर औषध घेतलं की काही आठवड्यांत तो पुन्हा खाली येतो.

तू गच्चीवरच्या टाकीकडे पाहिलंस. मग म्हणालास, "म्हणजे वरची टाकी आणि नळ. टाकीत बघून नळाचं सांगायचं नाही."

मी इतकी वर्षं शिकलो, मामा, पण हे इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून तू ते सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसून सांगायला लागलास. त्या कॉरिडॉरमध्ये सगळे तुला मामाजी म्हणायचे, माझं ऐकून. एका टोकाला गोळ्यांची खिडकी, दुसऱ्या टोकाला गुप्तरोगाची खोली. नवीन माणूस घाबरलेला दिसला की तू त्याच्याशेजारी सरकायचास. बिहारचा असो, मेवातचा असो, तुझं हिंदी सगळ्यांना कळायचं कारण ते कुणाचंच नव्हतं. "गोली चालू तो घर सेफ. पर नीचे जलन हो, पानी आए, जखम हो, तो शरम मत करो भाई. वो सामनेवाला दरवाजा." किती जणांना तू त्या दारातून आत पाठवलंस. रेल्वेच्या भिंतींवर खात्रीशीर इलाजाच्या त्या पिवळ्या जाहिराती रंगवलेल्या असतात ना, त्या वाचून तू गाडीत मोठ्याने हसायचास. म्हणायचास, "हे सगळे डॉक्टर एकाच पेंटरचे भाऊ दिसतात."

आणि मग तूच.

दिवाळीनंतर तू म्हणायला लागलास की उन्हाळी लागली आहे. लघवीला जळजळ होते. आपल्या घरात हे दुखणं नवं नाही. मेमध्ये शेतातून आलं की सगळ्यांनाच लागते, मग सब्जाचं पाणी, धन्याजिऱ्याचं पाणी, बेंबीत एरंडेल. आईने गावाहून सब्जा पाठवला. फोनवर तिने तुला बजावलं, "त्या गोळ्या गरम असतात रे. रोज रोज खाऊ नये, अंगात उष्णता साठते." तुझी मोठी बहीण ती, मायेने बोलली. तिला काय ठाऊक ती कोणत्या गोळ्यांबद्दल बोलते आहे.

जानेवारीत एकदा सकाळी बाहेर धुकं इतकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. तू शाल गुंडाळून, कानटोपी घालून सब्जाचा पेला हातात घेऊन बसला होतास. मी म्हटलं, "मामा, जानेवारीत कसली उन्हाळी?"

"गोळ्या गरम असतात."

"गोळ्या इतकी वर्षं घेतोयस. दवाखान्यात दाखव. त्या दुसऱ्या खोलीत."

तू पेला खाली ठेवलास. "त्या खोलीत मी लोकांना पाठवतो, नित्या. मी आत गेलो तर बाकावरचे काय म्हणतील? मामाजी आता कुठे जाऊन आले?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत."

"तू मला शिकवू नकोस."

मी विचारलं, गोळ्या घेतोयस ना. तू म्हणालास, घेतो. मग म्हणालास, संक्रांत होऊ दे, दाखवतो. संक्रांत झाली, मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, बरं वाटतंय, नाक्यावरच्या मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या, आता काही नाही. मी म्हटलं, अर्धवट औषधाने ते दबतं, जात नाही, आणि मामीचं काय? तू उठून आत गेलास आणि टीव्हीचा आवाज मोठा केलास. त्यानंतर हा विषय काढला की तू मला माझ्या लग्नाबद्दल विचारायचास. ते भांडण तिथेच राहिलंय, मामा. मी रोज ते पुढे नेतो. कधी तुला खांद्याला धरून त्या दारातून आत ढकलतो, कधी ओरडतो, कधी तुझे पाय धरतो. तुझं उत्तर मात्र दरवेळी तेच येतं, कारण दुसरं उत्तर तू मला दिलंच नाहीस.

मग ताप आला. मग डोकं दुखायला लागलं, मान ताठली, तू मामीला माझ्या आईच्या नावाने हाका मारू लागलास. डॉक्टर म्हणाले टीबी मेंदूपर्यंत पोहोचला आहे. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. जो आकडा मी कितीतरी अनोळखी लोकांच्या नावापुढे वाचतो आणि पुढच्या नमुन्याकडे वळतो, तसलाच आकडा तुझ्या नावापुढे आला. मी तो रिपोर्ट हातात घेऊन जिन्यात बसलो. तुझ्या रक्तात इतका विषाणू म्हणजे गोळ्या केव्हाच्या बंद होत्या. आणि त्याच काळात ती जळजळ. टाकीही भरलेली आणि नळही पेटलेला.

एका दुपारी तू शुद्धीवर होतास. मामी खाली चहा आणायला गेली होती. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "बंद केल्या होत्या. उष्णतेनं. कमी झाली की परत सुरू करणार होतो." मी म्हटलं, आता नको बोलूस. तू म्हणालास, "मला वाटलं, इतक्या वर्षांचं औषध अंगात साठलेलं आहे, थोडे दिवस चालेल." मग तुझे डोळे दाराकडे गेले.

"तिचं बघ."

एवढंच. मामी चहा घेऊन आली तेव्हा तू पुन्हा गावच्या विहिरीबद्दल बोलत होतास.

मी तुझ्यावर चिडलो आहे, मामा. तुला अग्नी देतानाही चिडलेला होतो. ज्याने एवढ्या लोकांना सांगितलं की रोजची गोळी म्हणजे रोजचं कुलूप, त्याने स्वतःच्या घराला कुलूप न लावता किल्ली खिशात ठेवली आणि समजला की घर बंद आहे. जळजळ म्हणजे उष्णता, गोळ्या म्हणजे उष्णता, तेव्हा जळजळ असेपर्यंत गोळ्या नकोत. आपल्या घरातलं कुणीही असाच हिशेब करेल. आईने केला, तू केलास. दिल्लीचा डॉक्टर हे कधी विचारणारही नाही, कारण त्याला उन्हाळी ठाऊक नाही. मला ठाऊक होती. मी विचारलं. आणि तू माझ्या तोंडावर घेतो म्हणालास.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मामीशी बोलणं आता टाळता येत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, मामी, आपल्याला दवाखान्यात जायला हवं. ती भांडी पुसत होती. तिने माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "माझी तपासणी?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "उन्हाळी थंडीत लागत नाही हे मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? मी रोज सकाळी सब्जा भिजत घालत होते. विचारलं असतं तर यांना खरं सांगावं लागलं असतं. मग मी काय करणार होते, ह्या परमुलखात?" मग तिने ताट फळीवर ठेवलं. "कुठून आणलं ते मला सांगू नकोस. तुला माहीत असलं तरी नको. मला आलंय का, एवढं सांग."

मामा, मला ते कुठून आलं माहीत नाही. आणि तिला आलंय का हेही मला सांगता येत नाही. माझ्या पदवीचा, तुझ्या पंख्याचा, त्या सगळ्या वर्षांचा उपयोग एवढाच झाला की मला न सांगता येण्याचं कारण सविस्तर माहीत आहे.

आम्ही शनिवारीच गेलो. मला दुसरा वार सुचलाच नाही. समुपदेशन करणाऱ्या त्या हरियाणवी दीदीने मामीला आत घेतलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. ते बरंच झालं. शेवटचं कधी जवळ आलात, असं तिला विचारायचं होतं, आणि ते माझ्यासमोर मामी मेली तरी बोलली नसती. मी तुझ्या बाकावर बसलो. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. नंतर दीदीने मला तारखांचा अर्थ समजावला. शेवटचं जवळ येणं होळीच्या आधीचं आहे, लागण तपासणीत दिसायला तीन महिनेही लागू शकतात, म्हणून आजची तपासणी निगेटिव्ह आली तरी पुरेशी नाही, जूनमध्ये पुन्हा करायची. तोवर काही म्हणता येत नाही. आणि तो दुसरा संसर्ग मामीला झालाय का, तेही बघावं लागेल, त्या समोरच्या खोलीत. बायकांना पुष्कळदा काही त्रासच जाणवत नाही.

आजची निगेटिव्ह आली. मी ते ऐकलं आणि मला लगेच जून आठवला.

मामी बाहेर आली तेव्हा बाकावर तोंडाला मफलर बांधलेला एक माणूस होता, मेच्या उकाड्यात. तो आम्हाला ओळखत होता. त्याने विचारलं, मामाजी नजर नहीं आए बहुत दिन से. मी म्हटलं, गुजर गए. तो हळहळला आणि म्हणाला, क्या हुआ था? मी टीबी म्हणणार होतो. खोटंही नव्हतं. पण मामी माझ्या आधी बोलली. तुझी बायको, जी भाजीवाल्याशीसुद्धा माझ्यामार्फत बोलते.

"गोली बंद किया था," ती म्हणाली. "पेशाब में जलन था, तो बोले गर्मी है, गोली गरम है, बंद किया. सब लोग को वो दरवाजा दिखाते थे. खुद नहीं गए." मग तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "तुमको जलन है तो जाओ. गोली मत छोड़ो."

कॉरिडॉरमधले दोघं-तिघं आमच्याकडे बघत होते. मामी त्यांच्यासमोरून चालत गेली आणि त्या दारासमोरच्या रांगेत उभी राहिली. रांगेत सगळे पुरुष होते. एकाने तिला पुढे जायला सांगितलं, ती नाही म्हणाली. मी तिच्यामागे उभा राहिलो. इथे तुला एकदा उभं राहायचं होतं, मामा. काही नव्हतं रे त्यात. समोर पाण्याचा माठ होता, भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं आणि आतली डॉक्टरीण मामीला पहिलं वाक्य म्हणाली ते हे, की बैठिए अम्मा, खाना खाके आई हो?

त्यांनी तिला त्या दुसऱ्या संसर्गाचं औषध दिलं आहे. ती वेळेवर घेते. मला दाखवून घेते, जसा तू मला दाखवून घ्यायचास, पहिल्या वर्षांत.

आता खरा उन्हाळा आलाय. गच्चीची फरशी दुपारी पाय ठेवू देत नाही, कॉलनीत सगळ्यांनाच काहीतरी होतंय, आणि आईचा फोन येतो की सब्जा अजून पाठवू का. मी नको म्हणतो. का नको ते तिला सांगता येत नाही. तिच्याच शब्दांनी तिच्या भावाचं काय केलं हे मी तिला सांगू का, मामा? तू असतास तर ठरवलं असतंस. तू असतास तर फिटरच्या भाषेत असं काहीतरी सांगितलं असतंस की ते तिला कळलं असतं आणि लागलंही नसतं. मला तसं येत नाही. मला फक्त बरोबर बोलता येतं.

जूनबद्दल आम्ही बोलत नाही. मामी रोज फिरायला जाते, अंगात ताकद हवी म्हणते, आणि फिरताना मध्येच थांबून गळ्याखाली गाठी आहेत का ते चाचपते. मी बघितलं की हात खाली घेते. लॅबमध्ये कुणाचाही नमुना माझ्यासमोर आला की मला तिचा दंड दिसतो, बांगड्या वर सारलेला.

काल सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी आतून हाक मारली, मामी, बघ. ती हातात पोळी घेऊनच बाहेर आली, तिची स्वतःची, न्याहारीची. कावळ्याने मान तिरकी केली आणि दोन पावलं पुढे सरकला. मला वाटलं, आता ती तुकडा मोडून ठेवेल, हात जोडेल. दहाव्यापासून तिच्या मनात ते राहून गेलंय हे मला ठाऊक आहे.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पोळीचा घास मोडून स्वतःच्या तोंडात घातला.

"आधी माझं जूनचं कळू दे," ती त्याला म्हणाली. "मग यांना जेवायला घालते."

आणि आत गेली. मी तिथेच उभा होतो, मामा. कावळा उडाला नाही.